यंदाची आवडती पुस्तकं, अकरा महिने वापरून. आणि पान १०३

आधीच सांगते, यातलं एकही पुस्तक यंदाचं नाही. मी यंदा वाचली म्हणून यंदाची. गोष्ट काय, लेखक कोण हे तुम्हाला माहितीच आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही. लिहायला बसलेय ते डोकं फिरलंय म्हणून.

जानेवारीत एका प्रदर्शनातून 'स्मृतिचित्रे' घेतलं, लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, १२० रुपये. शेजारीच दुसऱ्या प्रकाशनाचं ३५० ला होतं. लक्ष्मीबाई टिळक गेल्या १९३६ मध्ये, म्हणजे साठ वर्षं कधीच उलटली, कॉपीराइट संपला, कोणीही छापा, मग शब्द तेच असताना २३० रुपये जास्त कशाला घालवायचे. नोकरी अकाउंट्समध्ये आहे माझी, तरी हिशेब इथेच चुकला.

मी ठाण्याहून तुर्भ्याला जाते. ट्रान्स हार्बरची लोकल, नशीब असेल तर खिडकी, नाहीतर दाराजवळ उभं राहून एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातात पुस्तक. वीस-बावीस मिनिटं मिळतात जायला. एका हातानं वाचायचं म्हणजे अंगठा मधे घालून पुस्तक उघडं ठेवावं लागतं, आणि हे १२० वालं पुस्तक उघडं राहायलाच तयार नाही, मांजराच्या तोंडात औषध घालताना कसं होतं तसं दाबून धरावं लागायचं. पावसाळाभर पडून होतं, दिवाळीनंतर वाचायला काढलं. ऐरोली गेलं, टिळक, म्हणजे लक्ष्मीबाईंचे यजमान, परत कुठंतरी घर सोडून निघाले होते (हा माणूस सारखा निघतो), मी जरा जोर लावला आणि टक् असा आवाज आला. पाठ फुटली. आठ पानं सुट्टी झाली, ९७ ते ११२, आणि त्यातलं एक रबाळ्याच्या आधी दारातून बाहेर. टिळकही गेले आणि पानही गेलं. शेजारची एक बाई, रोजचीच, माझ्या खांद्यावरून कितीतरी दिवस फुकट वाचत होती, ती माझ्यापेक्षा जास्त हळहळली, "अगं, मग गेले कुठं ते?"

प्रदर्शन तर कधीच उठलेलं. पुस्तकावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडचा म्हणतो, मॅडम, तुम्ही पुस्तक पूर्ण उघडून वाचता का? मी म्हटलं मग कसं वाचायचं असतं? तर म्हणे, थोडं कमी उघडायचं. बदलून मिळणार नाही, वाचलेलं आहे. न वाचता मला कसं कळणार होतं पान सुटतं ते?

तेव्हापासून मी घरातलं प्रत्येक पुस्तक पाठीकडून बघतेय. नवरा म्हणतो, तुला वाचायचंय की तपासणी करायचीय. पण बघाच. वरच्या कडेकडून पाहिलं की शिलाईच्या पुस्तकात दुमडलेल्या फर्म्यांच्या (म्हणजे एकाच मोठ्या कागदाची घडी घालून झालेल्या पानांच्या जुड्यांच्या) छोट्या छोट्या कमानी दिसतात, मधे दोरा. चिकटवलेल्यात सरळ सपाट कड, कारण फर्म्याची दुमड कापूनच टाकलेली असते आणि सुट्ट्या पानांच्या कडांना गरम गोंद थापलेला असतो. गोंद जुना होऊन कडक झाला की तडकणारच.

बाकीची पुस्तकं पटकन सांगते. 'रणांगण', विश्राम बेडेकर, १९३९. बारीकसं आहे, पाठीवर ताणच येत नाही. बोट युरोपातून मुंबईकडे निघालीय, जर्मनीतून हाकललेले ज्यू बोटीवर, आणि बाहेर युद्ध अजून सुरूसुद्धा झालेलं नाही. चार दिवसांत संपलं आणि तिसऱ्या दिवशी तुर्भे कधी गेलं कळलंच नाही, जुईनगरला उतरून परत आले, लेटमार्क लागला. 'बनगरवाडी' तिसऱ्यांदा वाचलं, तरी दुष्काळात गाव रिकामं होतं तिथं थांबून खिडकीबाहेर बघत बसले. 'कोसला' कॉलेजात तीसेक पानांवर सोडलं होतं, 'उदाहरणार्थ' 'उदाहरणार्थ' वाचून वैताग आला होता. यंदा तेच आवडलं. नायकाची बहीण मनी, तिच्या जाण्याचा भाग मात्र ट्रेनमध्ये वाचू नका, लेडीज डब्यात लगेच चौकशी सुरू होते.

आणि 'माझा प्रवास'. गोडसे भटजी वरसईचे, म्हणजे आपल्या पेणजवळचे. कर्ज फेडायचं म्हणून १८५७ ला दक्षिणा मिळवायला उत्तरेत निघतात आणि सापडतात बंडात, झाशीच्या वेढ्यात. छापून आलं १९०७ ला. बाबांची जुनी प्रत आहे, शिवलेली, पुठ्ठ्याचा एक कोपरा झुरळांनी खाल्लाय, पण टेबलावर उघडी ठेवली की अशी आडवी पडून राहते की दोन्ही हातांनी जेवता येतं. यंदाचा पहिला नंबर 'माझा प्रवास'लाच, असं मी ठरवून टाकलं होतं.

अपडेट. वरचं लिहून दहा दिवस झाले, दोन गोष्टी बदलल्या.

एक, हरवलेलं पान १०३-१०४ वाचायचं म्हणून ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात गेले. १८९३ ची संस्था, आईची मेंबरशिप अजून चालू आहे, मी वर्षानुवर्षं फिरकले नव्हते. तिथली प्रत वेगळ्या आवृत्तीची, त्यामुळे पान नंबर जुळेना, माझं १०२ जिथं तुटतं ते वाक्य शोधायला मागून पुढून वाचावं लागलं. शोधता शोधता पहिल्यापासूनच बसले. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं ते सोवळ्याचं वेड, टिळकांचे राग, नंतर १८९५ ला त्यांचं ख्रिस्ती होणं आणि हिची मधल्या वर्षांची फरफट, आणि हे सगळं सांगताना बाई स्वतःलाच हसते. गाडीत दाबून दाबून वाचताना मला हे अर्धंच कळत होतं, अर्धं लक्ष अंगठ्यात. त्यामुळे पहिला नंबर बदलतेय, आता 'स्मृतिचित्रे' पहिलं, भटजी दुसरे. हरवलेल्या पानावर तसं फार काही घडत नाही, तरी रेघांच्या कागदावर हातानं उतरवून घेतलं, दोन्ही बाजूंनी. अक्षर माझं गिचमिड, शेवटच्या चार ओळी समासात चढल्यात.

दुसरं, बाइंडरकाका. जांभळी नाक्याजवळ गल्लीत बसतात, लग्नपत्रिका आणि कोर्टाची कागदपत्रं हे मुख्य काम. पुस्तक हातात घेऊन पाठीवर नख मारलं आणि म्हणाले, "ताई, दोरा नाही यात, नुसता गोंद आहे." मी म्हटलं टोचा मारून, म्हणजे कडेनं भोकं पाडून, शिवा. म्हणाले नको, आतला समास आधीच बोटभरसुद्धा नाही, टोचा मारला तर अक्षरं खाचेत जातील आणि पुस्तक आणखीनच मिटेल. मग त्यांनी जुना गोंद खरवडला, माझं हातानं लिहिलेलं पान १०२ आणि १०५ च्या मधे सारलं, गठ्ठा फळ्यांत आवळला, पाठीला करवतीनं पाच आडव्या खाचा पाडल्या आणि प्रत्येकीत फेविकॉलमध्ये बुडवलेला दोरा बसवला. वरून मलमलीची पट्टी. हा पांढरा गोंद वाळला तरी जरा लवचिक राहतो म्हणाले. रात्रभर दाबून ठेवलं. ९० रुपये.

म्हणजे १२० अधिक ९०, झाले २१०. साडेतीनशेपेक्षा १४० कमीच, पण त्यात दोन रिक्षा आणि अर्धा दिवस धरला नाहीये, तो धरला की मी तोंडावर पडते, म्हणून धरत नाही. पुस्तक मात्र आता उघडतं. एकदम आडवं नाही पडत, पण अंगठा दुखत नाही.

सोमवारी गाडीत काढलं तर खांद्यावरून वाचणारीनं लगेच ओळखलं. ते पान कुठंय विचारलं, दाखवलं. कोपरखैरणेपर्यंत माझं गिचमिड अक्षर वाचत राहिली आणि मग सरळच म्हणाली, दोन दिवस देता का? आता ९० रुपये घालून दुरुस्त केलेलं पुस्तक कोण देतं, पण दिलं. आठवडा झाला. काल भेटली तर म्हणते, सासूबाईंनी घेतलंय वाचायला, त्यांचं झालं की आणते, आणि तुमच्या बाइंडरचा पत्ता द्या, आमच्याकडे पोथ्या आहेत.