समुद्राकाठचा लाकडी डेक: पुण्यातल्या एका कार्यशाळेचे काम, दोन पावसाळ्यांनंतर

दिवेआगरच्या आमच्या घरापुढच्या डेकची दुरुस्ती मार्च 2024 मध्ये पूर्ण झाली. त्यावर मी लगेच लिहिले असते, तर नव्याने रंधलेल्या लाकडाचे कौतुक करण्यापलीकडे फारसे काही सांगता आले नसते. आता दोन पावसाळे उलटले आहेत, दोन्ही वेळा पाणी ओसरल्यावर मी डेकखाली वाकून बॅटरीच्या उजेडात सगळे पाहिले आहे, आणि त्या आधारावर हा अभिप्राय लिहीत आहे. काम करणारी कार्यशाळा पुण्यात टिंबर मार्केटजवळ आहे. मालक, दोन अनुभवी सुतार आणि एक फॅब्रिकेटर एवढाच तिचा पसारा.

आम्ही राहतो कोथरूडला. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या आणि पडवीपुढचा मांडवही गेला. मोकळ्या झालेल्या जागेत आईला संध्याकाळी बसता यावे म्हणून फेब्रुवारी 2021 मध्ये वीस फूट बाय बारा फुटांचा सागवानी डेक करून घेतला. तो करणारा ठेकेदारही पुण्याचाच होता. त्याने केलेल्या दोन गच्च्या आम्ही आधी पाहिल्या होत्या आणि त्या उत्तम स्थितीत होत्या. दिवेआगरच्या डेकने मात्र तीनच पावसाळे काढले. सप्टेंबर 2023 मध्ये आई तुळशीला पाणी घालून परतत असताना तिचा उजवा पाय फळीतून घोट्यापर्यंत खाली गेला. नडगी सोलवटली, हाड वाचले. वरून ती फळी चकचकीत होती, पॉलिशला एक ओरखडासुद्धा नव्हता, आणि याच गोष्टीची मला सर्वांत जास्त भीती वाटली.

ऑक्टोबरमध्ये कार्यशाळेचे मालक आणि त्यांचे ज्येष्ठ सुतार ताम्हिणी उतरून पाहणीला आले. डेकच्या वरच्या बाजूकडे त्यांनी पहिला अर्धा तास पाहिलेही नाही. समोरची झाकणाची पट्टी उचकटून सुतारकाका जमिनीवर आडवे झाले आणि टोच्या घेऊन प्रत्येक फळीच्या पोटाला, विशेषतः जिथे फळी सांगाड्यावर टेकते तिथे, टोचून पाहू लागले. चांगल्या लाकडात टोच्या जेमतेम रुततो. आमच्या काही फळ्यांत तो लोण्यात सुरी जावी तसा मुठीपर्यंत गेला. ओलावा मोजण्याच्या यंत्राने वरच्या अंगाला 14 टक्के दाखवले आणि खालच्या अंगाला 27. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर लाकूड कुजवणारी बुरशी सहसा मूळ धरत नाही, हे मला तेव्हा समजले. आमच्या डेकखाली जांभ्याच्या चिऱ्यांनी आणि त्या पट्टीने हवा चारही बाजूंनी कोंडली होती, आणि आत पोफळीच्या विऱ्या कुजत पडल्या होत्या.

“ताई, वरून रंधा मारून पॉलिश करून दिलं तर चार महिने छान दिसेल, पण आजींचा पाय पुन्हा जाईल,” असे सुतारकाका म्हणाले. कमी पैशांत दिसायला चांगले काम करून देणे त्यांना सहज शक्य होते. ते त्यांनी नाकारले, आणि त्याच क्षणी काम त्यांना द्यायचे असे मी ठरवले.

पुण्यातल्या गच्चीवर टिकलेली पद्धत किनाऱ्यावर का टिकली नाही, हे त्यांनी जागेवरच एकेक वस्तू हातात देऊन दाखवले. पुण्याच्या कोरड्या हवेत वाळलेल्या सागाच्या फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून बसवल्या होत्या. 120 मिलिमीटर रुंदीची फळी कोकणातल्या पावसाळी हवेत फुगते तेव्हा साधारण दोन मिलिमीटरने रुंदावते. आमच्याकडे अशा तीस फळ्या होत्या, म्हणजे सहा सेंटिमीटर लाकडाला जायला जागाच नव्हती. पहिल्याच जुलैमध्ये मधल्या फळ्या उचलल्या गेल्या होत्या आणि ठेकेदाराने त्या जास्त स्क्रू मारून दाबून बसवल्या होत्या. ते स्क्रू पिवळसर मुलाम्याचे, साधे. हा मुलामा काही मायक्रॉनचाच, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांएवढाच असतो आणि खाऱ्या वाऱ्यात तो लवकर संपतो. पुढे लोखंड गंजते, सागातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी त्याचा संयोग होतो आणि प्रत्येक स्क्रूभोवती जे काळे वर्तुळ उमटते ते घासून जात नाही. वरच्या पॉलिशचा जाड थर उन्हाने सहज दिसणार नाही इतका बारीक तडकला होता. त्या भेगांतून पाणी आत शिरत होते, पण त्याच थरामुळे बाहेर पडू शकत नव्हते.

सगळा डेक मोडून टाकावा लागेल अशी आमची समजूत होती, ती मात्र खोटी ठरली. कुजल्या होत्या त्या पांढरट कडेच्या, म्हणजे खोडाच्या बाहेरच्या भागातून काढलेल्या फळ्या. सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात असतो. बाहेरचा पांढरा भाग वाळवीला आणि बुरशीला इतर कोणत्याही मऊ लाकडासारखाच बळी पडतो. त्यांनी फळ्या एकेक करून उलट्या केल्या, खडूने खुणा केल्या आणि सतरा फळ्या पुन्हा वापरण्याजोग्या आहेत असे सांगितले. बारा नव्या घेतल्या. एकूण एकोणतीस झाल्या, कारण आता प्रत्येक दोन फळ्यांमध्ये सहा मिलिमीटरची फट सोडली आहे आणि तिसावी फळी त्या फटींमध्ये विरून गेली.

खरे काम खालच्या सांगाड्याचे होते. जुने लोखंडी चौकोनी पाइप बाहेरून रंगवलेले होते, पण आतून गंजून त्यांचे पापुद्रे सुटत होते. नव्या सांगाड्याची मापे त्यांनी दिवेआगरला घेतली आणि कापणे, वेल्डिंग, प्रत्येक बोल्टचे भोक असे सर्व काम पुण्यात उरकून मगच तो वितळलेल्या जस्तात बुडवून गॅल्व्हनाइज करून घेतला. हा क्रम महत्त्वाचा आहे. जस्त चढवल्यानंतर जागेवर भोक पाडले, तर नेमके तिथेच पोलाद उघडे पडते. शिवाय पाइपच्या टोकांना ठेवलेल्या छिद्रांमुळे वितळलेले जस्त आतल्या बाजूलाही पोहोचते आणि पुढे आत शिरलेल्या पाण्याला वाट मिळते. अशा रीतीने चढलेला थर तीन मिलिमीटरहून जाड पोलादावर 70 मायक्रॉनच्या आसपास असतो. दिवेआगरला सांगाडा फक्त बोल्टने जोडला, वेल्डिंगची एक ठिणगीसुद्धा तिथे पडली नाही.

स्क्रूच्या बाबतीत त्यांनी मला एक उपयोगी गोष्ट शिकवली. आपल्याकडे स्टेनलेस स्टील म्हणून सरसकट 304 या प्रतीचे दिले जाते आणि पुण्यात ते पुरते. समुद्राजवळ 316 लागते, कारण त्यातल्या मॉलिब्डेनम या धातूमुळे क्षाराने पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना ते जास्त तोंड देते. चुंबक लावून या दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. खोक्यावर ए2 लिहिले असेल तर 304 आणि ए4 असेल तर 316, असे पाहावे लागते. त्यांनी सीलबंद खोकी माझ्यासमोर उघडली.

नव्या फळ्या बसवण्याआधी तीन आठवडे पडवीत मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवल्या होत्या, जेणेकरून लाकूड तिथल्या हवेला सरावेल. कापलेल्या प्रत्येक फळीच्या तोंडाला त्याच दिवशी मेणाचा लेप दिला, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी तोंडानेच पिते. जांभ्याच्या भिंतीपासून डेक एक इंच सुटा ठेवला आणि समोरच्या झाकणाऐवजी उभ्या पट्ट्यांची जाळी दिली, जी दोन माणसे उचलून बाजूला ठेवू शकतात. पॉलिशऐवजी लाकडात मुरणारे तेल दिले आहे. ते दर वर्षी मेच्या सुरुवातीला, लाकूड पूर्ण कोरडे असताना, पुन्हा द्यावे लागते आणि आम्ही ते स्वतः देतो. डेक आता सोनेरी दिसत नाही, रुपेरी करड्या रंगाकडे झुकला आहे. मला तो असाच आवडतो, पण ज्यांना फर्निचरसारखी चमक हवी आहे त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

लाकूड आणि प्लॅस्टिकच्या मिश्रणाच्या फळ्यांबद्दलही मी विचारले होते. पश्चिमेच्या उघड्या अंगणात त्या मेच्या दुपारी अनवाणी पायांना सोसवत नाहीत आणि खराब झाल्यास त्यांना रंधा मारता येत नाही, असे त्यांचे स्पष्ट उत्तर होते. सावलीतल्या गच्चीसाठी मात्र ते स्वतः त्या बसवतात.

एकूण खर्च 1,86,000 रुपये आला. नव्या डेकसाठी दुसरीकडून आलेला अंदाज पावणेतीन लाखांचा होता, त्यामुळे रक्कम मला वाजवी वाटते. परंतु अंदाजपत्रकात वाहतुकीचा उल्लेख नव्हता आणि त्याचे 14,000 रुपये शेवटच्या बिलात दिसले. ते आधी सांगायला हवे होते. गॅल्व्हनाइजिंगमुळे काम पाच आठवडे लांबले आणि त्या काळात फोन आम्हालाच करावे लागले. भुसा आणि तेलाची फडकी विहिरीच्या कठड्याजवळ पडली होती, ती आम्ही उचलली. जाताना हमीचा कागद मिळाला, पण त्यात सांगाड्याची पाच वर्षे लिहिली आहेत आणि लाकडाबद्दल एक अक्षरही नाही.

या ऑक्टोबरमध्ये मी त्यांचाच टोच्या मागून घेतला आणि सुतारकाकांनी टोचल्या होत्या त्याच जागा पुन्हा टोचून पाहिल्या. एकाही फळीत तो रुतला नाही. बोल्टांवर गंजाचा ठिपका नाही, स्क्रूंभोवती काळे वर्तुळ नाही. पुण्याहून किनाऱ्यावर घर सांभाळणाऱ्यांनी या कार्यशाळेकडे जरूर जावे, मात्र वाहतूक आणि मुदत लेखी घ्यावी.

अंगणातून डेकवर चढण्याची पहिली पायरी इतर पायऱ्यांपेक्षा दोन सेंटिमीटर उंच झाली आहे. आईच्या गुडघ्यांना ती जाणवते आणि चढताना ती आजही खांब धरते. दिवाळीनंतर येऊन ती बदलून देऊ, असे मालकांनी मान्य केले आहे.