भाकरी नाचणीची की बाजरीची?

आमच्या घरी दोन्ही पिठांचे डबे शेजारी असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात 100 ग्रॅम नाचणीत कॅल्शियम 364 मिलिग्रॅम, तर बाजरीत जेमतेम 27. लोहात मात्र बाजरी पुढे : 6.4, नाचणी 4.6. प्रथिनेही बाजरीत जास्त, 11 ग्रॅमच्या आसपास, नाचणीत 7.

पण हे आकडे कच्च्या धान्याचे. एका भाकरीला साधारण 60 ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे नाचणीच्या भाकरीतून सुमारे 220 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळेल. प्रौढाची रोजची गरज 1000 मिलिग्रॅम. दूध न पचणाऱ्यांना ही भाकरी मोठा आधार आहे, असं मला मनापासून वाटतं.

बाजरीचं लोह तक्त्यात दिसतं तेवढं अंगी लागत नाही. धान्यातलं फायटेट नावाचं नैसर्गिक द्रव्य ते अडवतं. ताटात लिंबाची फोड पिळली की शोषण सुधारतं, जेवणावर लगेच चहा घेतला की घटतं. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला नुसती ‘बाजरी खा’ सांगून भागत नाही. लिंबू, पालेभाजी आणि डॉक्टरांचा सल्लाही हवा.

वाढत्या मुलांसाठी आणि आजीसाठी मी नाचणीच थापते. बाजरी थंडीत, तीळ लावून.