सर्व्हरवर आर: एपीटीने की ऑप्टमध्ये?

उबंटूच्या सर्व्हरवर आर (आकडेवारीच्या विश्लेषणाची प्रोग्रामिंग भाषा) बसवायचं तर मला दोनच रस्ते विचारात घेण्यासारखे वाटतात. एक, क्रॅनचा (आरच्या अधिकृत साठ्याचा) रेपो, म्हणजे पॅकेजं मिळण्याचं ठिकाण, जोडून एपीटीने, म्हणजे उबंटूच्या पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने, घ्यायचं. दुसरा, आरसाठी साधनं बनवणाऱ्या पॉझिट कंपनीने तयार केलेली डेब फाइल (उबंटूवर बसवायचं पॅकेज) उतरवून ऑप्ट फोल्डरात बसवायचं. उबंटूच्या स्वतःच्या रेपोतलं आर मी धरत नाही, २२.०४ वर ते ४.१.२ वरच थांबलेलं आहे.

बडोद्यात रावपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात आठ जण एकाच सर्व्हरवर काम करतात. आम्ही बरीच वर्षं एपीटीवर होतो आणि छान चाललं होतं. बसवायला सोपं, अपडेटही बाकीच्या सिस्टिमबरोबर आपोआप हाती येतात.

२०२३ च्या नवरात्रात मात्र फटका बसला. गरब्यामुळे सगळे लवकर निघालेले, म्हणून मी संध्याकाळी अपग्रेड उरकून घेतलं. आर ४.२ वरून ४.३ वर गेलं. सकाळी सर्वेक्षणाचं काम बघणाऱ्या ताईंचा फोन: "अहो, डीप्लायर नावाचं पॅकेजच नाही म्हणतंय. काल तर चालत होतं!" पॅकेजं, म्हणजे आरला जोडायची पूरक साधनं, कुठेही गेली नव्हती. प्रत्येकाच्या होम फोल्डरात ४.२ नावाचं फोल्डर जसंच्या तसं होतं. नवं आर ४.३ नावाच्या फोल्डरात शोधत होतं, आणि तिथे काहीच नव्हतं. मग आठही जणांची पॅकेजं पुन्हा बसवणं आलं, तेही सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, कंपाइल करत. नकाशांसाठी एसएफ हे पॅकेज लागतं, ते जीडॅल या नकाशांच्या लायब्ररीच्या डेव्ह पॅकेजवाचून (कंपाइल करायला लागणाऱ्या फाइलींवाचून) अडून बसलं. ताईंचा अख्खा दिवस गेला, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. हे मला फार लागलं.

म्हणून आता ऑप्ट. तिथे ४.२.३ आणि ४.३.१ शेजारीशेजारी नांदतात. नवं आलं म्हणून जुन्याला धक्का लागत नाही. त्रास आहेच: प्रत्येक आवृत्ती हाताने उतरवा, लिंक हाताने जोडा. शिवाय फुकटातला आरस्टुडिओ सर्व्हर (ब्राउझरमधून आर वापरायचं सॉफ्टवेअर) सगळ्यांना एकच आर देतो. दुसरं हवं असलेल्याला टर्मिनलमधून चालवावं लागतं.

एपीटीतही होल्ड लावून आवृत्ती रोखता येते, हे खरं. पण होल्ड कधीतरी काढावाच लागतो, आणि तो दिवस सगळ्यांवर एकदमच येतो. कंपाइलचा वेळ पाहून मात्र निवड करू नका. पॉझिटच्या पॅकेज मॅनेजरमधल्या तयार बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल केलेली पॅकेजं, दोन्हीकडे चालतात.

सर्व्हर एकट्याचा असेल तर एपीटीच बरं, उगाच व्याप कशाला? चार माणसं लॉगिन करत असतील, तर माझ्या अनुभवापुरतं सांगतो, ऑप्ट घ्या. ताईंचं सर्वेक्षण अजून ४.२.३ वर चालू आहे. ही फेरी संपली की त्या सांगतील, तेव्हा बदलू.