क्लाउड डेस्कटॉप, सात महिने आणि एक डीएससी टोकन

ऑडिट रिपोर्टची मुदत 30 सप्टेंबर. मुदतवाढीच्या बातम्यांवर आमचे सर विश्वास ठेवत नाहीत. 28 च्या रात्री ते चिपळूणला, लॅपटॉपला डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, यूएसबी टोकन लावलेलं, क्लाउड डेस्कटॉप उघडलेला, आणि सही करायच्या खिडकीत सर्टिफिकेटची यादी कोरी. "अरे, टोकन लुकलुकतंय, पण आत दिसत नाही," हे वाक्य मी फोनवर निदान दहा वेळा ऐकलं. हा रिव्ह्यू त्या रात्रीचा आहे असं समजा, बाकीचे सात महिने तोंडी लावायला.

सेवा देणाऱ्या कंपनीचं नाव घेत नाही, रिन्यूअलची घासाघीस अजून चालू आहे. सेटअप नेहमीचाच: डेटा सगळा क्लाउडवर, माणसं घरून लॉगिन करतात, त्यांच्या मशीनवर फक्त स्क्रीनचं चित्र येतं. क्लिपबोर्ड, ड्राइव्ह, प्रिंटर, यूएसबी बंद. पुण्यातलं छोटं सीए ऑफिस, तेरा लॉगिन. डीपीडीपी कायदा 2023, म्हणजे वैयक्तिक डेटा जपण्याचा कायदा, त्यातली 250 कोटींपर्यंतच्या दंडाची तरतूद सरांनी एका सेमिनारला ऐकली आणि दुसऱ्याच दिवशी मला कोटेशनं मागवायला लावली.

पहिले दोन महिने मी शिव्याच घातल्या. क्लिपबोर्ड दोन्हीकडून बंद, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पंधरा अक्षरी जीएसटीआयएन, म्हणजे क्लायंटचा जीएसटी नंबर, बघून बघून टाइप करायचा. तिसऱ्या महिन्यात कळलं की दिशा वेगळी ठेवता येते: बाहेरून आत पेस्ट चालू, आतून बाहेर बंद. हे सपोर्टनं सांगितलं नाही, सेटिंग चाळताना मलाच सापडलं.

मत बदललं ते एका आर्टिकलमुळे, म्हणजे आमच्याकडे सीएची उमेदवारी करणाऱ्या पोरामुळे. पोरगा प्रामाणिक. घरचं नेट रडतं म्हणून क्लायंटचं लेजर स्वतःच्या जीमेलच्या ड्राइव्हवर टाकून रात्री संपवावं, असा त्याचा बेत. आता इथं साध्या फायरवॉलचा उपयोग नाही, कारण ऑफिसच्या ड्राइव्हचा आणि त्याच्या ड्राइव्हचा पत्ता एकच. तो बंद केला तर आपलंच काम बंद. म्हणून मधला प्रॉक्सी, म्हणजे आमचं सगळं नेट ज्यातून जातं तो सर्व्हर, गुगलकडे जाणाऱ्या विनंत्यांना 'एक्स-गूगअ‍ॅप्स-अलाउड-डोमेन्स' नावाचा हेडर, म्हणजे एक छोटी चिठ्ठी, जोडतो, त्यात फक्त आमचं डोमेन. मग खासगी खात्याला गुगलच दारात अडवतं. पोरगा घाबरून माझ्याकडे आला, "सर, माझं जीमेल हॅक झालंय का?" तिथं निम्मं बिल वसूल झालं. यासाठी प्रॉक्सीला एचटीटीपीएस, म्हणजे साइटशी होणारी कुलूपबंद देवाणघेवाण, मध्येच उघडून वाचावी लागते, हे मात्र खटकतं. बँकांच्या साइट आम्ही त्यातून वगळल्या.

लॉगिनच्या दुसऱ्या पायरीवर, म्हणजे अ‍ॅपमधल्या कोडवर, सगळे कुरकुरतात. 2024 मध्ये स्नोफ्लेक या क्लाउड डेटा कंपनीच्या ग्राहकांची खाती फुटली ती चोरलेल्या पासवर्डांनी, त्या खात्यांवर ही पायरीच नव्हती, एवढं सांगितलं की गप्प बसतात.

तर टोकन. सपोर्टचं उत्तर ठरलेलं: यूएसबी उघडा. अहो, यूएसबी उघडलं की पेन ड्राइव्हही लागणार, मग पैसे कशाला मोजले? तीन तिकिटं, म्हणजे सपोर्टकडे नोंदवलेल्या तक्रारी, झाली. रात्री एकला सर गाडी काढून पुण्याला निघायची भाषा करू लागले, तेही कुंभार्ली घाटातून. चौथ्या तिकिटावर रात्रपाळीची एक मुलगी भेटली, तिनं दोन वाक्यांत सांगितलं. टोकन दिसतं पेन ड्राइव्हसारखं, पण आत स्मार्ट कार्ड असतं, आणि रिमोट डेस्कटॉपमध्ये स्मार्ट कार्डचं रीडायरेक्शन, म्हणजे घरच्या मशीनला लावलेलं कार्ड आतल्या मशीनला दाखवणं, ड्राइव्हपासून वेगळं चालू करता येतं. सरांच्या लॉगिनपुरती एक खूण केली, टोकनचा ड्रायव्हर आतल्या मशीनवर टाकला, 29 ला सकाळी नऊच्या आत सही झाली. पेन ड्राइव्ह अजूनही लागत नाही, मी लावून पाहिला. ही एक ओळ त्यांच्या माहितीपत्रकात असती तर माझी झोप वाचली असती.

मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढला तर? कोणीच अडवू शकत नाही. वॉटरमार्क चालू केलाय, प्रत्येकाचा आयडी स्क्रीनभर तिरका. पहिल्या दिवशी इतका गडद होता की बॅलन्स शीटमधले आकडे दिसेनात, मग फिका केला.

रिन्यूअलला तेरा नाही, अकरा लॉगिन घेणार, दोन आर्टिकल तसेही ऑफिसातच बसतात. सेल्सवाला म्हणतो, पंधरा घ्या, दर कमी करतो. मी म्हटलं, आधी ते तिसरं तिकीट बंद करा, अजून 'प्रलंबित' दिसतंय.