सॅम्पल पास, माल भलताच: चेसिसच्या पत्र्यात माझे ४,८१,४४० रुपये गेले

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, कुठेही पिकअप किंवा काळी-पिवळीच्या चेसिसचं काम करत असाल तर हे वाचा आणि ओळखीच्या फॅब्रिकेटरला पाठवा. सॅम्पल चांगलं दाखवायचं आणि माल दुसराच उतरवायचा, हा धंदा कसा चालतो ते तुम्हाला सांगायला नको. माझ्या बाबतीत तो पक्क्या बिलासकट, ई-वे बिलासकट, टेस्ट सर्टिफिकेटसकट झाला.

माझं एमआयडीसीत शेड आहे. एका बॉडीबिल्डरकडून पिकअपचे क्रॉस मेंबर आणि शॉकअपचे ब्रॅकेट बनवायची ऑर्डर होती. गाड्या केळीच्या, रावेर-सावद्याकडून भरून निघणाऱ्या. त्यांच्यावर किती माल चढतो ते इकडे सगळ्यांना माहीत आहे. अशा भागाला एखादा मोठा दणका मोडत नाही, लाखो वेळा बसणारा बारीक हिसका मोडतो. चीर होलच्या कडेला सुरू होते, गंजाच्या खड्ड्यात सुरू होते, नाहीतर पोलादातच अडकलेल्या मळीपासून. म्हणून मी साध्या पोलादाचा ई२५० पत्रा न घेता जास्त ताकदीचा एस५००एमसी मागितला. त्याची यील्ड, म्हणजे ज्या ताणाला पोलाद कायमचं वाकायला लागतं तो ताण, किमान ५०० मेगापास्कल. मळी वाढवणारं गंधक जास्तीत जास्त ०.०१५ टक्के. ई२५० ची यील्ड नावाप्रमाणे २५० च्या आसपास. दर वाचवायला मी गेलो नव्हतो. ई२५० मला ५४ रुपये किलोने मिळत होता, मी ६८ मोजले.

६ टन, ४ मि.मी. मालाचे ४,०८,००० आणि १८ टक्के जीएसटी ७३,४४०. एकूण ४,८१,४४०. भाडं १४,५०० वेगळं. त्यातले ४,३३,२९६ माल निघण्याआधी आणि उरलेले ४८,१४४ गाडी माझ्या गेटवर उभी असताना. "पेमेंट दिसलं की दोर सोडतो," असं ड्रायव्हर म्हणाला. इथेच सावध व्हा. जो माल उघडून दाखवण्याआधी शेवटचा रुपया मागतो, त्याची गाडी तशीच परत पाठवा.

व्यापारी परराज्यातला होता. सॅम्पलचा तुकडा मी लॅबमध्ये तपासून घेतला होता, तो अस्सल निघाला. टीसीवर, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेटवर, मोठ्या कारखान्याचं नाव, हीट नंबर (पोलादाच्या एका घाण्याचा नंबर), यील्ड ५२८, आणि ताकदीसाठी घालतात तो नायोबियम धातू ०.०४ टक्के. याच्या वर छोट्या शेडवाल्याने आणखी काय तपासायचं, ते मला कोणीतरी सांगावं.

पण एक गोष्ट आजही झोप येऊ देत नाही. पहिला पत्रा बेंडिंगला लावला तेव्हा आमचे आप्पा मशीनवर होते. याआधी एस५००एमसी वाकवताना ९० चा कोन हवा तर ८६ पर्यंत दाबावं लागायचं, सोडल्यावर पत्रा उसळून परत येतो. या वेळी ८९ ला दाबला आणि गुण्यात बरोबर ९० बसला. आप्पांनी दुसरा लावला, तिसरा लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, हा पत्रा लई नरम जातोय." मी टीसीची फाईल दाखवली. डिलिव्हरीची तारीख डोक्यावर होती, सॅम्पल पास झालेलं होतं, कागद हातात होता. पत्रा त्या मिनिटाला ओरडून सांगत होता आणि मी कागद वाचत होतो! हीट नंबर फक्त सगळ्यात वरच्या शीटवर होता. खालच्या शीटांवर त्या जागी ग्राइंडरने घासल्याच्या खुणा होत्या, त्या नंतर उरलेला ढीग पालथा केला तेव्हा दिसल्या. ढीग पूर्ण उलटा करून बघा, फक्त वरचं शीट बघू नका.

चार महिन्यांत ब्रॅकेट तडकून परत यायला लागले. एक गाडी पाळधीजवळ भर रस्त्यात बसली. कोणाला काही झालं नाही, हे नशीब. तुटलेल्या तोंडावर होलच्या कडेपासून निघालेल्या बारीक कमानी एकाबाहेर एक उमटल्या होत्या, आणि शेवटचा भाग एकदम फाटलेला, खरबरीत. थकून तुटलेलं पोलाद असंच दिसतं. बॉडीबिल्डरने आधी माझ्या वेल्डिंगवर बोट ठेवलं. वेल्डच्या कडेला भारी पोलादही साध्यासारखंच थकतं हे मलाही कळतं, म्हणून तर होल मी वेल्डपासून ४० मि.मी. लांब ठेवले होते. चीर वेल्डला शिवलेलीसुद्धा नव्हती. ४,१३० रुपये भरून पुन्हा लॅब केली. यील्ड २७१, गंधक ०.०३८, नायोबियम नाहीच. म्हणजे ६८ रुपयांनी मला ई२५० विकला. टीसी त्यावर नाव असलेल्या कारखान्याला ईमेल केला तर उत्तर आलं की या हीटचा माल वेगळ्या जाडीचा होता आणि दुसऱ्याच गिऱ्हाइकाला गेला. हा ईमेल गाडी खाली करायच्या आधी करायचा, लक्षात ठेवा.

बॉडीबिल्डरची १,८६,००० ची डेबिट नोट, म्हणजे माझ्या नावावर टाकलेली वसुली, आली ती वेगळीच.

आता सरकारी दारं ऐका. पोलीस ठाण्यात कागद न उघडताच उत्तर मिळालं, "हाऊ दिवाणी मामला शे भाऊ." खोटं सर्टिफिकेट बनवून पैसे घेणं दिवाणी कसं, यावर गप्प. वर सल्ला, व्यापाऱ्याच्या गावी जाऊन तक्रार द्या. गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेलं आहे. ते मी फिर्यादी असून मला पाठ आणि साहेबांना नाही? १९३० या सायबर हेल्पलाइनवर सांगितलं की तुम्ही स्वतः पैसे पाठवले आणि मालही मिळाला, मग सायबर कसं? ग्राहक आयोगाच्या वकिलाने सांगितलं की धंद्यासाठी घेतलेला माल, तुम्ही ग्राहकच नाही. उद्योगवाल्यांचं समाधान पोर्टल आहे, ते बिल अडकलेल्या विक्रेत्यासाठी, फसलेल्या खरेदीदाराला तिथे रकानाच नाही. कमर्शियल कोर्टात जायचं तर आधी मध्यस्थी, आणि मध्यस्थीला समोरचा येतच नाही.

आणि मग जीएसटीची नोटीस आली, मला! व्यापाऱ्याचा नंबर रद्द झाला, त्याने कर भरलाच नव्हता, म्हणून मी खरेदीवरच्या कराची घेतलेली ७३,४४० ची वजावट (क्रेडिट) व्याजासकट परत करा. मी बँकेतून, बिलावर, कर धरून पैसे दिले आहेत. त्या नंबरची नोंदणी सरकारनेच दिली होती ना? चोराला नंबर देणारे तुम्ही आणि वसुली माझ्याकडून! पोर्टलवर नंबर चालू दिसला म्हणून थांबू नका, तो रिटर्न भरतो का तेही तिथेच दिसतं, ते बघा.

सध्या पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज दिला आहे. तिथे हललं नाही तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाणार. फसवणुकीसाठी न्याय संहितेचं कलम ३१८(४) लागतं, अर्जात ते लिहाच. उरलेल्या पत्र्याचा तुकडा कापून, सहीचं लेबल लावून ठेवा, सगळं भंगारात घालू नका.

४ मि.मी., एस५००एमसी, यील्ड ५२८, नायोबियम ०.०४, आणि हीट नंबर फक्त वरच्या शीटवर. असा माल खान्देशात आणखी कोणाकडे उतरला असेल तर आजच लॅब करा आणि आपल्या ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. एका फिर्यादीला दिवाणी म्हणून हाकलता येतं, दहा जणांना नाही. आणि त्या पत्र्याचे ब्रॅकेट गाड्यांना लागले असतील तर त्या गाड्या आधी परत बोलवा.