स्क्रॅपबुकच्या पानावर कविता: हायकू, चारोळी, यादी की मुक्तछंद?

स्क्रॅपबुकमध्ये फोटोंशेजारी गद्य मजकुराऐवजी कविता लिहायची असं ठरलं की प्रकार निवडावा लागतो. ही निवड आवडीवर सोडली तर बहुतेकांचा हात चारोळीकडे जातो, आणि तिथेच पान फसतं. त्याआधी दोन गोष्टी पाहा: मोकळी जागा किती उरली आहे, आणि फोटोत न दिसणारं सांगण्यासारखं किती आहे.

जागेचा हिशेब सोपा आहे. हाताने लिहिलेल्या देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार धरून ओळीमागे साधारण 8 मिमी लागतात, अक्षरामागे सुमारे 5 मिमी. पानावर चिकटवायच्या 3 बाय 4 इंचाच्या उभ्या कार्डावर चहूबाजूंनी 1 सेमी समास सोडला तर दहा ओळी बसतात आणि एका ओळीत जेमतेम दहा-अकरा अक्षरं. लांब ओळींची कविता असेल तर कार्ड आडवं करा. ओळ मावली नाही म्हणून शेवटचा शब्द खाली ढकलला की कवितेची ओळ मोडते.

आता सायकल शिकणाऱ्या मुलीचा एकच फोटो घेऊ. त्यावर हायकू, 5-7-5 अक्षरांचा:

सुटला हात
मागे न पाहता ती
वळण पार

तीन ओळींना अडीच सेमी उंची पुरते. मोठा एकच फोटो आणि भरपूर रिकामा कागद असलेल्या पानाला हा प्रकार सर्वात शोभतो. सहा-सात फोटोंच्या गर्दीत मात्र तो हरवतो. नेहमीची चूक म्हणजे फोटोत दिसतंय तेच पुन्हा लिहिणं. वरच्या ओळींत सुटलेला हात आहे, तो फोटोत नाही.

त्याच फोटोवर चारोळी:

सायकलवर बसली छकुली
वाऱ्यासंगे निघाली
आनंदाला भरती आली
कळी मनाची खुलली

ही कोणत्याही छकुलीच्या कोणत्याही पानावर चालेल, हीच तिची अडचण. यमक जुळवताना पहिला बळी तपशिलाचा जातो. चारोळीच हवी असेल तर आधी ठोस गोष्ट सांगणारी ओळ ठरवा, ती चौथी ठेवा, आणि यमक फक्त दुसऱ्या ओळीशी जुळवा. पहिली आणि तिसरी मोकळी सोडली की श्वास घेता येतो.

यादीची कविता सर्वात कमी वापरली जाते, आणि रोजनिशीचं काम तीच सर्वात चांगलं करते. कृती अशी: त्या दिवसाचे पंधरा-वीस तपशील भराभर लिहा. आवाज, वास, कुणी बोललेलं वाक्य, कपड्यांवरचा डाग, काहीही. मग 'सुंदर', 'अविस्मरणीय' अशी विशेषणं काढा, सात-आठ तपशील ठेवा, प्रत्येकाला एक ओळ द्या. 'लाल हेल्मेट, पट्टा सैल', 'उजव्या गुडघ्यावर कालचं खरचटणं'. शेवटची ओळ वस्तूची नको, कृतीची ठेवा, नाहीतर ती सामानाची यादी वाटते. यमक नाही, मात्रा नाहीत, त्यामुळे कधी कविता न लिहिलेल्यांनी इथूनच सुरुवात करावी. मुक्तछंदाला याहून जास्त जागा लागते, बारा ओळींना जवळपास 10 सेमी. तो आजारपण, निरोप अशा विषयांसाठी राखून ठेवावा, जिथे फोटो एकच असतो आणि बोलायचं बरंच असतं.

नावाच्या आद्याक्षरांवरून लिहिलेली कविता वाढदिवसाच्या पानापुरती ठीक. इथे एक खास अडचण आहे: 'ण' आणि 'ळ'ने मराठी शब्द सुरू होत नाहीत. 'किरण' लिहिताना तिसऱ्या ओळीला अडायला होतं. उपाय म्हणजे नावाची उभी रांग ओळींच्या सुरुवातीला न ठेवता मधोमध ठेवायची आणि 'पण'मधला ण त्या रांगेत आणायचा. जोडाक्षर फोडू नका; 'प्राजक्ता'च्या तीनच ओळी होतात.

प्रकार कोणताही निवडा, कविता तारीख आणि नावं खाऊन टाकते. वरच्या हायकूत मुलगी कोण, हात कुणाचा, साल कोणतं, काहीच नाही. पानाच्या खालच्या कडेला 1 सेमी उंचीची पट्टी ठेवून त्यात कोण, कुठे, कधी एवढंच लिहा. पट्टीमुळे मांडणी बिघडत असेल तर पान चिकटवण्याआधी मागच्या बाजूला लिहा.

हाताने की छापून? आपलं अक्षर हाही त्या काळाचा पुरावा असतो, म्हणून कौल हाताला. पेन पिगमेंट शाईचं (न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई), टोक 0.4 ते 0.5 मिमी; डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) उजेडात फिकी पडते आणि पाणी लागलं की पसरते. आम्लमुक्त कार्डावर वेगळं लिहून मग चिकटवा, म्हणजे एका चुकीने अख्खं पान वाया जात नाही. पेन्सिलच्या रेघा शाई पूर्ण वाळल्यावरच खोडा. वेलमवर (अर्धपारदर्शक कागदावर) शाई वाळायला बराच वेळ घेते, आणि डिंक आरपार दिसतो, म्हणून तो फक्त फोटोखाली दडणाऱ्या कडेला लावा. वर्तमानपत्रातले शब्द कापून कविता जुळवायची असेल तर मूळ कात्रण वापरू नका, त्यातल्या लिग्निनमुळे (लाकडातल्या एका घटकामुळे) कागद पिवळा पडतो. आम्लमुक्त कागदावर त्याची प्रत काढून ती कापा.

छापणार असाल तर अक्षराचा आकार 13-14 पॉइंट आणि ओळींतलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. अक्षरांतलं अंतर वाढवण्याची सोय देवनागरीला वापरू नका, शिरोरेषा तुटते.