समुद्रकाठचं लग्नपॅकेज: समुद्राकडे पाठ करून तपासा

दापोली-गुहागरपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत आता जागोजागी रिसॉर्टवाले ‘बीच वेडिंग’ पॅकेज विकतात. साचा बहुधा एकच. पहिल्या दिवशी दुपारी ताबा, संध्याकाळी हळद आणि सीमांतपूजन, रात्री गाणीबजावणी, दुसऱ्या दिवशी मुहूर्त, पंगती आणि दिवेलागणीला पाठवणी. वाळूत मांडव, पंधरा-वीस खोल्या, माणशी ताटाचा दर. एकेका रिसॉर्टला गुण देण्यापेक्षा हा साचाच तपासलेला बरा, कारण जिथे फसगत होते तिथे ती साच्यातच असते. निकाल आधीच सांगून टाकतो: ऐंशी-शंभर माणसांच्या लग्नाला पॅकेज चांगलं, अडीचशे पानांच्या वर गेलात तर तेवढ्याच पैशात गावातलं मंगल कार्यालय जास्त सुख देईल. जागा बघायला गेलात की समुद्र पाच मिनिटं बघा आणि उरलेला वेळ मागच्या बाजूला घालवा.

समुद्राची ती पाच मिनिटं मात्र हिशोबाने बघायची. जाहिरातीतल्या फोटोत ऐसपैस, ओली चकचकीत वाळू दिसते, कारण तो फोटो ओहोटीचा असतो. किनाऱ्यावर भरतीचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी पाच-सहाला पाणी पार लांब गेलेलं. मुहूर्त काढताना तिथी हातात असतेच, तेव्हाच हा गुणाकार करून टाकावा. सप्तमी-अष्टमीचा गोरज मुहूर्त आणि वाळूतला मांडव यांचं जमत नाही. या तिथींना भांगाची भरती असते, पाणी उधाणाइतकं चढत नाही हे खरं. पण अरुंद किनाऱ्यावर तेवढंही खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेला पुरतं. शिवाय भरतीरेषेखालची वाळू रिसॉर्टच्या मालकीची नसते. तिथे मांडव घालायची परवानगी कोण काढणार हे करारात लिहून घ्या. ‘आमचं नेहमीचंच आहे’ हे उत्तर ग्राह्य धरू नका.

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. ऊन चढलं की खारं वारं सुटतं आणि दुपारभर वाढत जातं. अकराच्या आतला मुहूर्त असेल तर चिंता नाही. चारनंतरचा असेल तर मांडवाची बंद पाठ पश्चिमेला हवी आणि होमकुंडाला तीन बाजूंनी आडोसा हवा, नाहीतर लाजाहोमाचा धूर सरळ वधूवरांच्या डोळ्यांत जातो. फोटोग्राफर याच्या नेमकं उलट मागतो, कारण त्याला मागे सूर्यास्त हवा असतो. त्याला होमानंतरची पंधरा मिनिटं द्या, मांडव त्याच्यासाठी फिरवू नका. छताचं कापड सलग ताणलेलं असेल तर शीड भरावं तसं ते वारा धरतं. मध्ये फटी ठेवायला सांगा. वाळूत खांब नुसता रोवून भागत नाही, खाली पत्रा आणि वर वाळूची पोती लागतात. फुलांत झेंडू आणि शेवंती टिकतात; गुलाबाच्या पाकळ्या खाऱ्या वाऱ्यात दोन तासांत मलूल होतात. तरी पॅकेजच्या ‘प्रीमियम’ सजावटीत गुलाबच असतो.

आता जेवण. सगळ्या पॅकेजांत खरी चढाओढ इथेच आहे आणि बरं-वाईट इथेच कळतं. ‘कोकणी थाळी’ या नावाखाली पनीर आणि मंचुरियन येत असेल तर पुढचं बोलणंच नको. मार्च-एप्रिलचं लग्न असेल तर ओल्या काजूची उसळ आणि कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी मागून घ्या. ओले काजू महाग आणि सोलायला किचकट म्हणून आचारी सुके काजू भिजवून घालतो. ते उसळीत पिठूळ लागतात. ओल्या काजूला कोवळा, गोडसर करकरीतपणा असतो.

उकडीचे मोदक ‘अनलिमिटेड’ लिहिले असतील तर वळणाऱ्या बायका किती, हे विचारा. शंभर पानांना दोन-दोन म्हणजे दोनशे मोदक. त्याला साधारण तीन किलो तांदळाची पिठी, चौदा-पंधरा नारळ आणि दोन-अडीच किलो गूळ लागतो. हात बसलेली बाई तासाला चाळीस-पन्नास वळते, म्हणजे चौघींचं तासा-सव्वातासाचं काम. दोनशे पानांना एकच बाई दाखवत असतील तर मोदक गोठवलेले येणार. ते ओळखू येतात: सगळ्यांच्या कळ्या साच्यातल्या, पारी कोरडी आणि तडकलेली, सारणाला पाणी सुटून तळ ओला. ताजे मोदकही एकावर एक रचून डब्यात कोंबले की बुडाला फाटतात. म्हणून पंगत बसल्यावर घाणे चढवायचे आणि मोदकपात्रातून थेट ताटात वाढायचे. बुफेत हे होत नाही. मोदक हवे असतील तर पंगतच मागा, त्यासाठी वाढपी वाढवावे लागले तरी चालतील.

सोलकढी शंभर माणसांना एकेक वाटी धरली तर पंधरा लिटर, म्हणजे पंचवीसेक मध्यम नारळ. बिलात नारळ कमी आणि कढी भरपूर असेल तर दूध पावडरचं आहे. रंग फिकट जांभळट गुलाबी असावा. भडक गुलाबी दिसली तर बीट किंवा रंग समजा. अॅल्युमिनियमच्या टोपात आगळ, म्हणजे कोकमाचा रस, ओतू देऊ नका, आंबट भांड्याला खातं आणि कढीला धातूची चव येते. सकाळी सहाला काढलेलं नारळाचं दूध मे महिन्यात दीड वाजेपर्यंत बाहेर राहिलं तर फसफसतं. दूध बर्फात ठेवून आगळ शेवटच्या तासात घालावं.

हळदीच्या रात्री वडे-सागुती असेल तर माणशी पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम कच्चं कोंबडं धरा, आणि वडे तळून ठेवलेले घेऊ नका. त्या रात्रीच्या कढईत मासे मात्र मागू नका. दोनशे माणसांना तळलेली सुरमई गरम पोचवणं कुठल्याच स्वयंपाकघराला जमत नाही.

मागच्या बाजूला पहिली बघायची ती विहीर. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरींचं पाणी मचूळ होतं. त्यात डाळ नीट शिजत नाही आणि चहा वाईट लागतो. स्वतः पेलाभर पिऊन बघा. राहणारी सत्तर माणसं धरली तर माणशी १३५ लिटरने दिवसाला साडेनऊ हजार लिटर नुसतं वापराचं पाणी लागतं, म्हणजे रोज दहा हजार लिटरचा एक टँकर, स्वयंपाकाचं वेगळं. तो कोणाच्या खर्चाने, हे दरपत्रकात बहुतेक नसतं.

जनरेटर आहे का, असं विचारलं की सगळे हो म्हणतात. किती केव्हीएचा, म्हणजे किती क्षमतेचा, ते विचारा. अठरा खोल्यांचे दीड टनी एसी तीस किलोवॅटच्या आसपास खातात. वर मांडवाचे दिवे, स्वयंपाकघर आणि पाण्याचे पंप. ६२.५ केव्हीएच्या खाली गेलात तर एसी आणि मांडव यांतलं एकच चालेल. मे महिन्यात संध्याकाळी वळिवाची वीज कडाडली की गावाची लाइट जाते हे धरूनच चाला. डिझेल ‘वापराप्रमाणे’ असेल तर मीटरचं वाचन ताबा घेताना आणि सोडताना लिहून घ्या.

गाण्याबजावण्याचं थोडक्यात: रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या नियमांचा भाग आहे. ‘रात्री दोनपर्यंत डीजे’ पॅकेजमध्ये लिहिलं असलं तरी पोलीस आले की रिसॉर्टवाले यजमानाला पुढे करतात. मुंबईहून येणाऱ्या वऱ्हाडाचं रेल्वे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. मेच्या सुट्टीत चाकरमान्यांची गर्दी असते, तेव्हा पहिल्याच सकाळी तिकिटं काढायला बसा.

खोल्यांत दोन कलमं वाचायचीच. एक, हळदीचे डाग पडलेल्या चादरी-टॉवेलांचा दंड. जुने पंचे घरून आणा आणि हळद अंगणात लावा. दुसरं, खोल्या सोडायची वेळ. ती बहुतेक सकाळी दहा किंवा अकरा असते आणि मुहूर्त नेमका त्याच वेळी. नवरीची खोली आणि रुखवत ठेवलेली खोली, या दोन तरी संध्याकाळी सहापर्यंत जादा पैसे न घेता द्यायच्या, असं आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्या. नंतर मागितलं तर दोन्ही खोल्यांचं अर्ध्या दिवसाचं भाडं लागतं.